काळी ट्रंक



गेल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आमचे जाणे झाले. निमित्त होते एका नातलगाच्या जलदान विधीचे. भन्तेजींचा परित्राणपाठ झाला, दोन-चार जणांची आदरांजलीची भाषणे झाली, जेवणे उरकली आणि माणसे टेम्पोची वाट पाहत कट्ट्यावर टेकली. तेवढ्यात शेजारच्या घरातून पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. अख्खी वस्ती त्यांना आक्का म्हणते. आमच्या हाताला धरून म्हणाल्या, "तुमी पेपरात लिवता न्हवं? मग जरा घरात या. एक वस्तू दावायची हाय."

आत गेलो. भिंतीवर तथागत, बाबासाहेब, आणि त्यांच्या खालच्या ओळीत लष्करी टोपीतला एक तरुण. खाली काळी पत्र्याची ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले, निम्मी अक्षरे उडालेली. आक्कांनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली. डांबरगोळ्यांचा वास आला. लोकरी मोजे, दाढीचा ब्रश, साबणाची डबी, दोऱ्याने बांधलेली पत्रे. लहान मुलीच्या झग्याचे कापड, न शिवलेले. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक तार, घडीवर चार तुकडे झालेली. साल १९७१, महिना डिसेंबर.

"तार इंग्रजीत हुती," आक्का सांगत होत्या. "आमच्यात वाचणारं कोन? पोस्टमननं शाळंत गुरुजींकडं न्हेली. गुरुजींनी वाचली आन् खाली बसलं. बोलंचनात." मग वस्ती जमली, गाव जमला, सरपंच आले. जो तो एकच सांगू लागला, की आक्का, रडायचं नाही, तुझा मालक देशासाठी गेला, मान ताठ ठेव. तेव्हा आक्का एकवीस-बावीस वर्षांच्या, कडेवर दीड वर्षाची मुलगी. "समदी म्हनली रडू नगं, म्हनून मी रडलेच न्हाई. मग कामं लागली. मग पोरगी मोठी झाली. रडायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनातून जात नाही. या आठवड्याचे सदर त्याच वाक्यावर आहे.

आजच्या तरुण वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, बंदुकांची सलामी, गावभर फुलांच्या पायघड्या असे आपण पाहतो. ही रीत रूढ झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्याआधीच्या १९६२, १९६५, १९७१ या लढायांत पडलेल्या जवानांचे अंत्यसंस्कार बहुधा तिकडेच, आघाडीजवळ होत. घरी येई ती तार. मग काही आठवड्यांनी सामानाची ट्रंक, कधी अस्थी, कधी तेही नाही. म्हणजे आईने पोराचे तोंड पाहिलेले नसे, बायकोने हात लावलेला नसे. ज्याला निरोपच दिला नाही तो गेला हे मनाने कसे मानावे? आक्का पाच-सहा वर्षे एसटीच्या आवाजाला उंबऱ्यात येत होत्या, असे त्यांच्या लेकीने सांगितले. आक्कांनी स्वतः सांगितले नाही.

काहींच्या घरी तर मेल्याचीही खात्री आली नाही. १९७१ च्या युद्धातले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान परतले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी आयुष्य पतीच्या शोधात घालवले. २००७ साली अशा बेपत्ता जवानांचे काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, पण हाती काही लागले नाही. अशा घरांत शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

सातारा-सांगली हा लष्कराचा मुलूख. माण, खटाव, कोरेगाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पाऊस कमी आणि जमीन खडकाळ, तेव्हा घरातला एक पोरगा मुंबईच्या गिरणीत, एक गोदीत आणि एक पलटणीत अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसे कामी आली. सेहेचाळीस! एका गावात किती घरांना सुतक आले असेल याचा हिशोब वाचकांनीच करावा. इतक्यात कालपरवापर्यंत ही परंपरा थांबलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात उरीच्या हल्ल्यात माण तालुक्यातील जाशीचा जवान गेला आणि ऑक्टोबर संपता संपता माच्छील भागात मिरज तालुक्यातील दुधगावचा सीमा सुरक्षा दलाचा जवान गेला. दोन्ही जिल्ह्यांनी सहा आठवड्यांच्या आत दोन पेट्या खांद्यावर घेतल्या.

त्या जुन्या महायुद्धाच्या आठवणीच्या फरश्या इकडच्या काही गावांत अजून दिसतात. या गावातून इतकी माणसे लढाईला गेली, पैकी इतकी मेली, एवढाच मजकूर त्यांवर बहुधा असतो. आकडा असतो, नाव नसते. इराकात बसऱ्याला इंग्रजांनी मोठे स्मारक बांधले. त्या आघाडीवर मराठा पलटणी फार होत्या. कुत-अल-अमारा येथे पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली, उपासमारीने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, त्यात आपल्याकडची कितीतरी पोरे होती. पण बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा टाकला. शंभर वर्षे उलटल्यावर, २०२१ साली, या स्मारकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. माफी ऐकायला त्या शिपायांच्या आया कुठून आणायच्या?

आता भीमा कोरेगावचा स्तंभ आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे तिथे कोरली आहेत आणि त्यांतली २२ नावे 'नाक' शेवट असलेली, आपल्या पूर्वजांची आहेत. आपण दरवर्षी तिथे शौर्याला मानवंदना द्यायला जातो, बाबासाहेबही १ जानेवारी १९२७ रोजी गेले होते. आम्हीही अनेकदा गेलो. पण आक्कांच्या घरून आल्यापासून त्या स्तंभाकडे पाहण्याची आमची नजर बदलली, हे कबूल करतो. त्या बावीस जणांच्या घरी काय झाले असेल? बातमी कुणी आणली? चूल कुणी पेटवली? शौर्य आपण दोनशे वर्षे जपले, त्या घरांतले रडणे मात्र कुठेच लिहून ठेवलेले नाही.

अभिमानाला आम्ही नावे ठेवत नाही, हे आधी स्पष्ट करू. आपल्या समाजाला हा अभिमान फुकट मिळालेला नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चे खूळ काढले आणि महारांची लष्करभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी लिहिले, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील २५ नोव्हेंबर १९८७ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. देशासाठी मरण्याचा हक्कसुद्धा ज्यांना अर्ज करकरून मागावा लागला, त्यांच्या वस्तीत पेटी आली की ऊर भरून येणारच. पण ऊर भरून येतो तो कशाने, नुसत्या अभिमानाने की हुंदक्याने, हे त्या आईला ठरवू द्यावे. आपण बाहेरून ठरवू नये.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी अशाच एका गावी शोकसभेत आम्हाला बोलायला उभे केले. आम्ही तेव्हा उमेदीत होतो, भाषणाची हौस दांडगी. कोरेगावपासून सुरुवात केली ती थेट कारगिलपर्यंत आलो. पाऊण तास बोललो. टाळ्याही पडल्या. (शोकसभेत टाळ्या पडल्या याचे तेव्हा आम्हाला काहीच वाटले नाही!) सभा संपल्यावर मुलाची आई व्यासपीठाच्या पायरीपाशी आली आणि म्हणाली, "साहेब, समदं बोलला, पर माज्या पोराचं नाव चुकीचं घेतलं." आम्ही त्याच्या चुलतभावाचे नाव घेत होतो. पाऊण तास! संयोजकांनी चिठ्ठीवर चुकीचे लिहिले होते, हे खरे. पण घरात जाऊन आईजवळ पाच मिनिटे बसलो असतो तर चिठ्ठीची गरज पडली नसती. त्या बाईंची माफी आम्ही तेव्हा मागितली, पण ती मागतानाही आमची नजर निघणाऱ्या जीपकडे होती.

आपला धम्म दुःख नाकारत नाही. दुःख आहे, इथूनच तर तथागतांनी सुरुवात केली. तरी आपल्यातले काही जण दुसऱ्याच्या दारात जाऊन पहिल्याच दिवशी अनित्यतेचा उपदेश करतात. "सगळं नाशवंत आहे ताई, रडून काय होणार?" किसा गोतमीची गोष्ट आपल्या विहारांत शेकडो वेळा सांगितली जाते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा तथागतांनी तिला ज्या घरी कुणी मेलेले नाही अशा घरची मूठभर मोहरी आणायला सांगितले. गोष्टीचे तात्पर्य सगळ्यांना पाठ आहे. पण ती घरोघर गेली म्हणजे काय झाले, याचा आपण विचार करत नाही. प्रत्येक दारात तिने आपल्या मुलाबद्दल सांगितले असेल. प्रत्येक दारातल्या बाईने आपल्या घरी कोण गेले ते तिला सांगितले असेल. उपदेश तिला दिवसाच्या शेवटी मिळाला, दिवसभर तिला मिळाली माणसे. आपण मात्र सकाळीच उपदेश देऊन मोकळे होतो.

खुद्द बाबासाहेबांचे घ्या. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधीही लेकरे गेली होती. त्यानंतर त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना जे पत्र लिहिले त्यात त्यांनी आपले दुःख लपवले नाही, एवढा कणखर माणूस बापाच्या मनाने लिहून गेला. आणि साताऱ्याच्या वाचकांना तर वेगळे सांगायला नको. सुभेदार रामजी फौजेतून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब साताऱ्यात राहिले, तिथेच १८९६ साली माता भीमाई गेल्या, त्यांची समाधी तिथे आहे. तेव्हा भीम पाच वर्षांचा. मीरा आत्याने त्याला सांभाळले. पुढे सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून तो मुलगा संतापत असे, असे चरित्रकार लिहितात. पाच वर्षांचे मूल बोलत नाही, पण वस्तू ओळखते. फौजी घरातल्या ट्रंकेला, टोपीला, घड्याळाला कुणाला न विचारता हात लावू नये, ते यासाठी.

मुलांबद्दल आणखी एक. "बाबा ड्युटीवर गेलेत" असे सांगून दिवस काढू नका. आक्कांच्या लेकीला सात वर्षांची होईपर्यंत हेच सांगितले होते. शाळेत दुसऱ्या मुलीने भांडणात खरे काय ते सांगून टाकले. आज ती पन्नाशी पार केलेली बाई आहे, पण त्या मुलीचे नाव, तो वर्ग, फळ्यावर काय लिहिले होते ते सगळे तिला आठवते.

आता सुनांबद्दल. आपण पिंडदान, श्राद्ध सोडले. पण बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे आपल्या सर्व वस्त्यांतून गेले असे छातीवर हात ठेवून कुणी सांगावे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हेरवाड सांगलीहून काही फार लांब नाही. ज्यांनी १९५६ साली धम्म घेतला त्यांनी २०२२ च्या ठरावाची वाट का पाहावी?

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेऊन परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतले आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्या हिमतीला आमचा कडक सॅल्यूट. फक्त एवढेच म्हणू, की प्रत्येक घरातल्या सुनेसमोर हे उदाहरण काठीसारखे उगारू नका. "ती बघ कशी उभी राहिली" हे वाक्य आधारासाठी म्हटले जाते आणि टोचण्यासाठीही. कुणी वर्दी घालील, कुणी अंगणवाडीत लागेल, कुणी दुसरे लग्न करील, कुणी दोन वर्षे नुसती बसून राहील. चारही वाटा मानाच्याच.

आणि पैशाचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पेटी येते तेव्हा सारे गाव एक असते, पैसे येतात तेव्हा घरसुद्धा एक राहत नाही. सासू म्हणते पोरगा माझा, सून म्हणते नवरा माझा, आणि दोघींचेही खरे असते. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेलेल्या जवानाच्या घरी शेवटच्या पगाराइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते नियमाप्रमाणे सहसा पत्नीच्या नावे जाते. मग म्हाताऱ्या आईबापांचे काय, ही चर्चा देशभर चालू आहे. तिचा निकाल सरकार लावील तेव्हा लावील, आपल्या घरात तो आधी लावता येतो. दरमहा आईच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा करणाऱ्या सुना आम्ही पाहिल्या आहेत. सुनेने दुसरे लग्न केले तर तिच्या माहेराइतकेच आनंदाने आहेर करणारे सासरेही पाहिले आहेत. शौर्यपदकाबरोबरच्या मानधनाला पूर्वी दिराशीच लग्न केले तर चालू राहील अशी अट होती, ती २०१७ साली काढून टाकली. तेव्हा कुणी जुना नियम सांगून सुनेला धाकट्या दिराच्या गळ्यात बांधू पाहत असेल तर त्याला हे कात्रण दाखवा.

पलटणीत असलेल्या पोरांनाही एक सांगणे आहे. लग्न झाले, मूल झाले, की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर लावून घ्या आणि नॉमिनीचे नाव तपासा. कित्येक जण 'पुढच्या छुट्टीला बघू' म्हणतात. रेकॉर्डला बायकोचे नाव नसले किंवा आधार कार्डावर वेगळे असले, तर ती शोकात असताना तिला वर्षभर दाखले गोळा करत फिरावे लागते. सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने तिच्याबरोबर तिथे जाणे, रांगेत उभे राहणे, फॉर्म भरणे, हे आमच्या पाऊण तासाच्या भाषणाहून शंभरपट मोलाचे. पहिला महिना घर माणसांनी भरलेले असते. चौथ्या महिन्यात कुणी नसते. तेव्हा जा. भाकरी-कालवण घेऊन जा आणि काही न बोलता बसा.

आक्कांच्या घरी आम्ही त्या दिवशी तेवढेच केले. आक्का एक-एक पत्र काढत होत्या. वाचता येत नाही, पण कोणत्या पत्रात काय आहे हे त्यांना कागदाच्या रंगावरून माहीत. एकात आंब्याच्या कलमाला पाणी घाल म्हणून लिहिले होते. आम्ही विचारले, "आक्का, तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारायचा?"

त्या एकदम लाजल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ते लाजणे आम्ही प्रथमच पाहिले. म्हणाल्या, "आमच्यात तवा नाव घ्यायचं नव्हतं. पर म्या एकांतात घेत हुते." आणि त्यांनी ते नाव घेतले. ट्रंकेवरचे नाही, घरातले. नातीने अभ्यासाच्या वहीचे मागचे पान फाडले आणि आजोबांचे ते नाव लिहून घेतले. पन्नासहून अधिक वर्षांत ते कुणी विचारले नव्हते. आक्का पदर तोंडाला लावून बसल्या आणि मग त्यांना रडू आले. लेक उठून जवळ जायला निघाली, नात म्हणाली, "आई, थांब. रडू दे तिला."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. तो गेला. आम्ही संध्याकाळच्या एसटीने विट्याला आलो.